बॅले, भरतनाट्यम आणि मुलीचा पाय : कुणाला अनुभव आहे का?

हिंदवाडीकर | ९ जुलै, रात्री ११:०५

नमस्कार. आजवर इथं नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मुलगी १३ वर्षांची, आठवीत. सहाव्या वर्षापासून इथं बेळगावात, टिळकवाडीत भरतनाट्यम शिकते. दीड वर्षापूर्वी तिनं बॅले पाहिला आणि तेव्हापासून तेच डोक्यात. इथं शिकवणारं कुणी आम्हाला सापडलं नाही, म्हणून दर रविवारी पहाटे साडेपाचला गाडी काढून चोर्ला घाटानं गोव्याला न्यायला लागलो. दोन तासांचा क्लास, परत यायला संध्याकाळ. तिच्या बाबांनी एक रविवार चुकवला नाही.

तिथल्या शिक्षिकेनं पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, पॉइंट शूजचं (बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक बूट) नाव निदान वर्षभर काढायचं नाही. पाय तयार झाला की मी सांगेन. पण हिनं कुठंतरी वाचलं की अमेरिकेची मिस्टी कोपलंड १३व्या वर्षी बॅले शिकायला लागली आणि तीन महिन्यांत पॉइंटवर उभी राहिली. मग रोज तेच ऐकवणं. वाढदिवसाला मी ऑनलाइन ते बूट मागवून दिले. नुसते घालून फोटो काढते म्हणाली. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

आम्ही दोघं कामावर गेलो की ती हॉलमधल्या ग्रॅनाइटवर रोज अर्धा-पाऊण तास त्या बुटांत उभी राहायची, हे आम्हाला जूनच्या शेवटी कळलं.

एप्रिलमध्ये पायाच्या वरच्या बाजूला, चवड्याच्या जरा मागं दुखायला लागलं होतं. मेमध्ये भरतनाट्यमच्या क्लासचा कार्यक्रम, म्हणून ती बोलली नाही. कार्यक्रमानंतर लंगडताना मी पाहिलं. डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला. ‘एनू इल्ल री (काही नाही हो), मुरगळलंय,’ म्हणाले. क्रेप बँडेज आणि गोळ्या. मग शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एका हाडवैद्याकडे गेलो. त्यानं तेल लावून तीन दिवस चोळलं. चोळताना ती ओरडली नाही, नुसती माझा हात घट्ट धरून बसली होती. ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला, घोट्याकडच्या टोकाशी स्ट्रेस फ्रॅक्चर. आता सहा आठवडे पायाला आधाराचा वैद्यकीय बूट, नाच पूर्ण बंद.

हाड जुळेल असं डॉक्टर म्हणतात. पुढं काय करावं ते कळत नाही. घरात निम्मे म्हणतात आता बॅले पुरे, भरतनाट्यमच करू दे. ती काहीच बोलत नाही. कुणाच्या मुलीला, कुणाला स्वतःला असं झालं असेल तर कृपा करून लिहा.

मलप्रभाकाठ | ९ जुलै, रात्री ११:४०

ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्या खानापूरच्या भाचीचं असंच झालं होतं, कॉलेजच्या गॅदरिंगात घोटा मुरगळला. विचारलं की ‘काय नाही, बरं होऊलालंय’ म्हणायची. दोन वर्षं झाली, अजून जिना उतरताना तो पाय दगा देतो. पोरी सांगत नाहीत, हेच खरं. तुम्ही स्वतःला दोष देत बसू नका.

फिजिओ_चिकोडी | १० जुलै, सकाळी ७:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय न तपासता उपचार सांगणार नाही, डॉक्टर सांगतील तेच करा. पण झालं काय, ते सांगते.

दुसऱ्या बोटामागचं हाड बहुतेकांच्या पायात इतर चौघांपेक्षा लांब असतं. शिवाय त्याचं मागचं टोक तीन लहान हाडांच्या खाचेत घट्ट बसलेलं असतं. शेजारची हाडं किंचित हलून भार सोडून देतात, याला हलायला जागा नाही. चवड्यावर चढलं, त्याहून बोटांच्या टोकांवर चढलं, की सगळा भार या अडकलेल्या हाडावर. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून निघतं. भरण्याआधी पुन्हा मार बसत गेला की बारीक चीर पडते. तुमच्या मुलीला झालं तिथंच बॅलेवाल्यांना ते होतं, इतकं की तेवढी जागा ऐकून ‘बॅले करता का?’ असं विचारावं. धावणाऱ्यांत हीच चीर बहुधा हाडाच्या मध्यावर किंवा पुढं पडते.

पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ असणं नेहमीचं. पुढंही कधी कधी दिसत नाही, विशेषतः या टोकाला, कारण इथं हाडं एकमेकांवर येतात. एमआरआयमध्ये लवकर कळतं. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी पोर लंगडत असेल तर विषय संपवायचा नाही. आणि हाडावर बोट ठेवताच दुखत असेल तर चोळणं अजिबात नको, कुणाचाही हात कितीही गुणी असो.

घरी ओळखायची एक खूण. मुलाला म्हणा, कुठं दुखतं दाखव. पोटरीवरून अख्खा तळहात फिरवला तर बहुधा स्नायू थकलाय. एका बोटानं नेमकी जागा दाखवली आणि रोज तीच दाखवली, तर हाडाचा विचार करायचा. दुसरी खूण वेळेची. आधी क्लास संपल्यावर दुखायचं, मग क्लासच्या मध्यात, मग पहिल्या दहा मिनिटांत, मग अंथरुणात पडल्यावरही. दुखणं असं अलीकडे सरकत आलं की थांबायचंच.

आता एक प्रश्न. एप्रिल-मेमध्ये ती आठवड्याला एकूण किती तास पायावर होती? भरतनाट्यम, बॅले, घरचा सराव, शाळेतलं पीटी, सगळं धरून लिहा.

हिंदवाडीकर | १० जुलै, दुपारी १:३०

आत्ता कागदावर मांडलं. भरतनाट्यम आठवड्याला तीन दिवस दीड-दीड तास, कार्यक्रमाआधीचा महिनाभर रोज दोन तास. रविवारी बॅले दोन तास. घरी लपून रोज पाऊण तास. शिवाय शाळेच्या लेझीम पथकात होती, ते मी विसरलेच होते. मेच्या पहिल्या आठवड्यात बेरीज २१-२२ तासांवर जाते. मार्चमध्ये ती आठ-नऊ होती.

फिजिओ_चिकोडी | १० जुलै, दुपारी २:१०

उत्तर इथंच आहे. भरतनाट्यमच्या बाईंना बॅलेचे तास माहीत नव्हते, गोव्याच्या शिक्षिकेला कार्यक्रमाची तालीम माहीत नव्हती, लेझीमच्या सरांना दोन्ही माहीत नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या जागी बेताचंच काम दिलं. हाडाला मात्र एकूण बेरीज सोसावी लागली. दोन महिन्यांत दुपटीहून जास्त, तेही उंची वाढायच्या वयात. या वयात हाडं आधी लांबतात, स्नायूंची ताकद आणि तोल मागून येतात.

निपाणीची_ताई | १० जुलै, रात्री ९:२०

मी वीस वर्षं भरतनाट्यम शिकवते. ‘बॅले बंद, भरतनाट्यमच करू दे’ या घरच्यांच्या म्हणण्यावर बोलायचंय, कारण त्यामागं समजूत आहे की आपला नाच पायाला सोपा. तसं नाही.

आपण अनवाणी नाचतो. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून) तट्टडवू, म्हणजे पाय आपटायच्या मूळ हालचाली, तिन्ही लयींत करताना पाय किती वेळा आपटतो, मोजून बघा. मध्ये बूट नाही, काही नाही. टाच दुखणं, नडगी दुखणं, गुडघ्याची वाटी दुखणं, कंबर धरणं, हे माझ्या क्लासात दरवर्षी दिसतं. अरमंडीतले बाहेर वळलेले पाय आणि बॅलेमधला टर्नआउट यांचं मूळ एकच. वळण खुब्यातून आलं पाहिजे. प्रत्येकाचा खुबा सारखा नसतो, कुणाचा जन्मतःच कमी वळतो. मग पोर पावलं जबरदस्तीनं बाहेर फिरवते, गुडघा मात्र पुढं बघत राहतो. मधला पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूनं आणि पावलाच्या कमानीनं सोसायचा. मी शिकत होते तेव्हा पाठीमागून खांद्यावर दाब देऊन बसवायचे. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं, आणि एका मुलीचा गुडघा त्यात गेला. ती आता नाचत नाही. तेव्हापासून मी आधी जमिनीवर पालथं झोपवून खुबा किती वळतो ते बघते आणि तेवढ्याच अरमंडीत बसू देते. अरमंडी उथळ दिसते म्हणून काही पालक नाराज होतात. होऊ देत.

या दोन नाचांत वैर असल्यासारखं बोलू नये असंही वाटतं. भरतनाट्यमच्या थोर नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅलेच शिकत होत्या, रशियन बॅले नर्तिका आना पावलोव्हाच्या संचातल्या क्लिओ नोर्दीकडे. पावलोव्हानंच त्यांना आपल्या देशातलं नृत्य शोधायला सांगितलं. पुढं १९३६ साली त्यांची नृत्यसंस्था, कलाक्षेत्र, उभी राहिली.

आणि तुमच्या ग्रॅनाइटबद्दल. शूजइतकाच दोष त्या फरशीचा आहे. नाचाची जमीन दबून परत वर आली पाहिजे. खाली पोकळी ठेवून लाकूड, वर व्हिनाइल, अशी बॅलेची जमीन असते. आपल्याकडे मंगल कार्यालय, शाळेचा हॉल, गच्ची, सगळीकडे सिमेंटवर फरशी. त्यावर सतरंजी घातली की आपल्याला वाटतं मऊ झालं. सतरंजीनं फक्त पाय घसरतो.

तालीम_शहापूर | १० जुलै, रात्री १०:०५

नाचातलं मला काही कळत नाही, पण जमिनीचं वाचून राहवलं नाही. आमच्या तालमीत वस्ताद पोराला हौद्यात उतरवायच्या आधी माती उकरायला लावायचे. तांबडी माती, तीत तेल, ताक, हळद, लिंबू. रोज खणून भुसभुशीत करायची. दोन दिवस माती खणली नाही तर तिसऱ्या दिवशी कुस्ती नाही, बैठका मारा आणि घरी जा. पडणाऱ्याचं हाड मातीनं झेललं पाहिजे, हे त्यांचं पहिलं शिकवणं. गावोगावच्या तालमींना जे ठाऊक आहे, ते पोरींच्या नाचाच्या क्लासाला का मिळू नये?

आमच्या शहापुरातल्या जुन्या घराला लाकडी माडी आहे. लहानपणी बहीण तिथं नाचायची, आई ओरडायची की तुळया हलतात. आता कळलं, हलत होत्या तेच बरं होतं.

घटप्रभा | १० जुलै, रात्री १०:३०

सर्वांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत. एवढी भीती घातली तर पोरं काहीच करणार नाहीत. कष्टाशिवाय कला येत नाही. सुधा चंद्रन यांचा १९८१ साली बस अपघातात पाय गेला, जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. दुखणं सहन करणं हाही रियाजाचाच भाग आहे असं मी मानतो. माझी मुलगीही नाचते आणि मी तिला हेच शिकवलंय.

फिजिओ_चिकोडी | १० जुलै, रात्री ११:००

सुधाताईंची जिद्द मोठीच. पण त्यांचा पाय अपघातानं आणि नंतरच्या गुंतागुंतीनं गेला, नाचून नाही. आणि त्या उभ्या राहिल्या त्या पाय बरा करून, नव्या पायाची सवय करून. दुखतं ते लपवून नाही. कष्टानं येणारा थकवा रात्रभरात उतरतो. रोज त्याच जागी वाढत जाणारं दुखणं म्हणजे शरीर काहीतरी सांगतंय. घटप्रभा, तुमच्या मुलीला हा फरक कळतो का, तेवढं तिला विचाराल का? मनापासून विचारतेय.

मिस्टी कोपलंडचं पुढचंही सांगायला हवं. तीन महिन्यांत पॉइंटवर उभी राहिली हे खरं. २०१२ साली तिच्या नडगीच्या हाडाला एक नव्हे, अनेक स्ट्रेस फ्रॅक्चर निघाली, शस्त्रक्रिया करावी लागली, कित्येक महिने नाच बंद. २०१५ साली ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल (मुख्य नर्तिका) झाली, ते हे सगळं झाल्यानंतर. अमेरिकन बॅले नर्तक डेव्हिड हॉलबर्गचा घोटा बिघडला तेव्हा तो जवळपास अडीच वर्षं रंगमंचापासून दूर होता. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅलेच्या उपचार पथकाकडे राहून त्यानं साध्या टाचा उचलण्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुढं २०२१ मध्ये तो त्याच संस्थेचा कलादिग्दर्शक झाला. मोठ्या बॅले कंपन्यांत आज फिजिओ तालमीच्या खोलीशेजारीच बसतो. आपल्या मुलींच्या शेजारी कोण बसतं?

अनगोळची_आता_पुण्यात | ११ जुलै, रात्री १२:५०

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. इथं नाव नाही म्हणून लिहितेय.

मी अनगोळची. बारावीनंतर पुण्याला आले, बॅले आणि कंटेम्पररी शिकायला लागले. आरशाच्या खोलीत दिवसाचे चार तास. कुणी थेट ‘बारीक हो’ म्हणालं नाही, पण फोटोत पुढं कुणाला उभं करतात ते दिसायचं. मी रात्रीचं जेवण सोडलं. मग भात सोडला. घरी दिवाळीला आले की आई कुंदा (बेळगावची मिठाई) पुढं करायची आणि मी ताटाखाली लपवायचे. सात महिने पाळी आली नाही. मला वाटलं, बरंच झालं, सरावाला सोयीचं.

मग नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर. ते भरलं आणि दहा महिन्यांत दुसऱ्या पायाला. तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, पाळी कधी आली होती? आधीच्या कुणी विचारलंच नव्हतं. खाणं खर्चापेक्षा कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, हाडं भरायचं काम आखडतं, हे त्यांनी समजावलं. ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली याला नाव दिलंय, थोडक्यात रेड-एस. मुलग्यांनाही होतं म्हणाल्या.

ताई, तुमची मुलगी १३ची. तिच्या ताटाकडे बघा. पाळी सुरू झाली असेल तर तारखा विचारा. सुरू असलेली पाळी तीन महिने चुकली, किंवा १५ पूर्ण होऊनही आलीच नाही, तर थांबू नका. आणि विचारताना तिला असं वाटू देऊ नका की उत्तर चुकलं तर नाच बंद होईल. मी त्याच भीतीनं खोटं बोलायचे.

मी आता नाचत नाही. अजून संगीत लागलं की पोटऱ्या आपोआप ताणल्या जातात.

मलप्रभाकाठ | ११ जुलै, सकाळी ६:४०

बाळ, लिहिलंस हे फार मोठं काम केलंस. घरी आलीस की आईला सांग. ती काही म्हणणार नाही.

हिंदवाडीकर | १३ जुलै, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचलं, काही भाग मुलीला वाचून दाखवला. पुण्याच्या ताईंचं वाचताना तीच म्हणाली, ‘आई, थांब,’ आणि मग बराच वेळ बोलली. जेवणाचं तसं काही नाही, पाळी व्हायची आहे. पण मी विचारलं की एप्रिलमध्येच का सांगितलं नाहीस, तर म्हणाली, ‘सांगितलं असतं तर रविवार बंद झाला असता.’

रविवार. तिला नाचापेक्षाही ती गाडी, घाटातलं धुकं, बाबांशी गप्पा, तो अख्खा दिवस जाईल अशी भीती होती. बाबा आतल्या खोलीतून ऐकत होते. ते उठून आले आणि म्हणाले, बूट पायात असला तरी रविवारी जायचं, तू बसून क्लास बघ. काल गेलो. तिथल्या शिक्षिकेला सगळं खरं सांगितलं, पॉइंट शूजसकट. त्या रागावल्या नाहीत. तिचे शूज मागवले होते ते बघितले. बॉक्स (बोटांभोवतीचा कडक भाग) एवढा रुंद की पाऊल आत घसरत होतं, आणि टाचेकडचा शँक (तळव्याखालची कडक पट्टी) वाकतच नव्हता. ‘हे हिच्या पायाचे नाहीतच,’ म्हणाल्या.

पाय तयार झाला हे त्या कशावरून ठरवतात, कुणी सांगेल का? विचारायचं राहिलं.

फिजिओ_चिकोडी | १४ जुलै, सकाळी ७:३०

नुसत्या वयावरून नाही. साधारण ११-१२च्या आधी देत नाहीत, पण १४ची मुलगीही तयार नसू शकते. घोटा आणि पाऊल नडगीच्या रेषेत पूर्ण येतं का, आधी ते बघतात. येत नसेल तर मागून हाड हाडावर चेपतं. काहींच्या घोट्यामागं एक जास्तीचं लहान हाड असतं, त्यांना जास्तच. मग एका पायावर टाचा उचलणं, २०-२५ वेळा, न डगमगता, टाच पूर्ण वर. एका पायावर पुढं झुकून हात पसरून गुडघा वाकवताना गुडघा आत पडतो का. एका पायावर उड्या मारताना कंबर सरळ राहते का. पायाच्या अंगठ्याला वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आतल्या घोट्यामागून जाते, पॉइंटवर तिच्यावर फार ताण येतो. तिथं करकर वाजत असेल, अंगठा अडकत असेल तर थांबवतात.

बॅलेत सर्वांत नेहमीची दुखापत मात्र साधीच असते. उडीवरून उतरताना घोटा बाहेरच्या अंगाला मुरगळणं. त्यात कधी करंगळीमागचं हाड तिरकं मोडतं, त्याला डान्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. एकदा मुरगळलेला घोटा नीट बळकट केला नाही तर पुन्हा पुन्हा मुरगळतो. मलप्रभाकाठ, तुमच्या भाचीला घेऊन या. दोन वर्षं झाली तरी उशीर झालेला नाही.

घटप्रभा | १६ जुलै, रात्री ९:४५

मुलीला विचारलं. तिनं डाव्या टाचेखाली एका बोटानं जागा दाखवली. तीन महिन्यांपासून म्हणाली. उद्या दाखवायला नेतोय. फिजिओताई, आभारी आहे.

निपाणीची_ताई | १६ जुलै, रात्री १०:००

घटप्रभा, काय निघालं ते नक्की कळवा. वाढत्या वयात टाचेच्या वाढीच्या जागेलाही दुखतं. विश्रांती, टाचेखाली गादी आणि पोटरीचे व्यायाम यांनी ते बसतं. घाबरू नका, पण न्याच.

हिंदवाडीकर | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

बऱ्याच दिवसांनी. बूट ऑगस्टमध्ये निघाला. पहिले दोन आठवडे नुसतं चालणं, व्हॅक्सीन डेपोच्या मैदानात मातीवर, आधी दहा मिनिटं, मग वीस. मग दोन्ही पायांवर टाचा उचलणं, भिंतीला धरून. आता एका पायावर. काल डावा २४, उजवा १७. उजवा दुखावलेला. ती वहीत रोज आकडा लिहिते आणि शेजारी दुखलं की नाही तेही लिहिते. ‘आज ३ दुखलं’ असं पहिल्यांदा तिनं आपणहून येऊन सांगितलं तेव्हा मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

भरतनाट्यमच्या बाई आणि गोव्याच्या शिक्षिका यांची फोनवर गाठ घालून दिली. दोघींनी मिळून आठवड्याचे तास ठरवलेत, सध्या पाच. लेझीम या वर्षी नाही. उड्या डिसेंबरच्या आधी नाहीत. पॉइंटबद्दल दोघींपैकी कुणी तारीख दिलेली नाही आणि मुलीनंही विचारली नाही. ते जुने शूज तिनं स्वतःच कपाटावर ठेवलेत.

हॉलमध्ये ८ बाय ६ फुटांची लाकडी जमीन करायची ठरवलीय. आडव्यातिडव्या प्लायचे दोन थर, खाली दाट फोमचे तुकडे. सुतार विचारतोय तुकडे किती अंतरावर ठेवू. कुणी केलंय का?

तालीम_शहापूर | २८ सप्टेंबर, रात्री ८:०५

फुटाफुटावर ठेवा, कडेला थोडे जवळ. आमच्या माडीच्या सागवानी फळ्या दुरुस्तीत काढल्यात, चांगल्या आहेत. प्लायऐवजी वापरता येतील का ते सुताराला विचारा. पैसे नकोत. रविवारी तुम्ही गोव्याला असणार, शनिवारी संध्याकाळी टेम्पो पाठवा.